गेलेल्या दाढेचा भार कोण उचलणार?

आपल्या तोंडातला एकही दात हाडाला चिकटलेला नसतो. जबड्याच्या हाडात प्रत्येक मुळासाठी एक खोबण असते, मूळ त्या खोबणीत उतरलेलं असतं; पण मूळ आणि हाड यांच्यामध्ये सगळ्या बाजूंनी जेमतेम पाव मिलिमीटरची फट राखलेली असते. त्या फटीत असंख्य बारीक तंतू असतात. एक टोक मुळात रुतलेलं, दुसरं हाडात. दात या तंतूंवर टांगलेला आहे. बाजेवर माणूस बसला की सुंभ ताणलं जातं आणि त्याचं वजन चौकटीपर्यंत ओढ बनून पोचतं. आपण घास चावतो तेव्हा तेच घडतं. दात खाली दबतो, तंतू ताणले जातात आणि हाडाला ओढ बसते. दातांभोवतीचं हाड या ओढीवर जगतं. घासागणिक ती मिळत राहिली तर हाड टिकतं, थांबली तर झिजतं.

स्पर्शाची जाणही याच फटीत आहे. आमटीभातात चुकून एखादा बारीक खडा आला, तर आपल्याला काही कळायच्या आत जबडा थबकतो. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये सुमारे २० मायक्रॉन जाडीचा पत्रा ठेवला तरी माणसाला तो जाणवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. डोक्याचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो! आणि ही जाण दाताच्या आतल्या नसेची नाही. रूट कॅनॉल करून नस काढून टाकलेल्या दातालाही खडा कळतो, कारण खबर देणारे मज्जातंतू बाहेरच्या त्या पाव मिलिमीटरमध्ये बसलेले असतात. धडधाकट तरुण माणूस दाढांमध्ये पन्नास-साठ किलो वजनाएवढा जोर लावू शकतो. तो जोरही हीच फट पेलते आणि केसाहून बारीक वस्तूही हीच ओळखते.

असे दात एकेक करून जायला लागतात, तेव्हा पहिला क्रमांक बऱ्याचदा खालच्या पहिल्या दाढेचा लागतो. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, त्यामुळे काही हलत नाही, काही पडत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवते. घरच्यांना वाटतं, दुधाचीच असेल, पडेल आणि नवी येईल. नवी कधीच येणार नसते. तिच्या खोल चरांत गोडधोड अडकतं, कीड लागते, मग सिमेंट भरलं जातं, मग रूट कॅनॉल, मग कधीतरी तडा जातो आणि पस्तिशी-चाळिशीत डॉक्टर सांगतात की आता काढावीच लागेल. त्यापाठोपाठ विचारतात, ब्रिज करायचा की इम्प्लांट?

बहुतेक जण या प्रश्नाचा निकाल खर्च आणि भीती या दोन गोष्टींवर लावतात. दोन्ही खऱ्या आहेत, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण त्यांच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो समजला की पुढचं बरंच सोपं होतं. त्या दाढेनं इतकी वर्षं पेललेला भार यापुढे कोण उचलणार? ब्रिज केला तर शेजारचे दोन दात. इम्प्लांट केलं तर हाड स्वतः.

दाढ निघाल्यावर हाडाचं काय होतं ते आधी पाहू. खोबणीचं हाड दातांबरोबर वाढतं आणि दातांबरोबर जातं. मूळ निघालं, तंतू तुटले, ओढ थांबली, की खोबणीच्या कडा विरघळायला लागतात. हाड खाणाऱ्या आणि हाड बांधणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या पेशी आपल्या हाडांत सतत राबत असतात. आता बांधणाऱ्यांना बांधायचं कारण उरत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ साली दाढा-उपदाढा काढलेल्या रुग्णांच्या जबड्यांची मापं प्रसिद्ध केली. सुरुवातीला सुमारे १२ मिलिमीटर रुंद असलेला हाडाचा काठ वर्षभरात सुमारे ६ मिलिमीटरवर आला होता. म्हणजे निम्मी रुंदी एका वर्षात गेली. आणि हे दुखत नाही. हिरडी वरून छान भरून आलेली दिसते, माणूस निश्चिंत असतो. दरम्यान मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलायला लागते आणि वरची दाढ, तिला खालून कोणी अडवणारं न राहिल्यामुळे, हळूहळू खाली उतरते. एक दात गेला की आजूबाजूचे तीन-चार दात आपापली जागा सोडायला निघतात.

आता ब्रिज. ही कल्पना फार जुनी आहे. आजच्या इटलीत राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी किमान अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पातळ पट्ट्या करून त्या शेजारच्या दातांभोवती गुंडाळल्या आणि मधल्या रिकाम्या जागी दुसरा दात खिळ्यानं बसवला. असे दागिन्यांसारखे ब्रिज त्यांच्या थडग्यांत सापडले आहेत. शेजाऱ्यांच्या आधारानं मधला दात उभा करायचा, हे तत्त्व आजही तेच आहे. फरक एवढाच की सोन्याची पट्टी दाताला बाहेरून वेढत होती आणि आजच्या ब्रिजसाठी शेजारचे दात आधी घासून लहान करावे लागतात, कारण त्यांच्यावर टोप्या बसवायच्या असतात. दोन टोप्या आणि मधला खोटा दात हे तिन्ही एकाच अखंड तुकड्यात घडवलेले असतात.

हे घासणं जवळून पाहण्यासारखं आहे. हवेच्या दाबावर चालणारा एअरोटर मिनिटाला तीन लाख किंवा त्याहून जास्त फेऱ्या घेतो, पाण्याचा फवारा सतत सुरू असतो आणि पांढरा दात डोळ्यांदेखत बुटका, निमुळता होत जातो. वरून दीड-दोन मिलिमीटर, बाजूंनी एक-दीड मिलिमीटर. दोन्ही शेजारी दात एकमेकांना जवळजवळ समांतर घासले गेले पाहिजेत, नाहीतर एकसंध ब्रिज दोघांवर एकाच वेळी उतरणारच नाही. मागची दाढ आधीच कललेली असेल तर ही समांतरता साधण्यासाठी तिचा आणखी भाग द्यावा लागतो, कधी रूट कॅनॉलही करावं लागतं. पूर्ण टोपीसाठी दाताच्या हिरडीवरच्या भागातलं किती द्रव्य जातं, हे २००२ साली वजन करून मोजलं गेलं. पुढच्या दातांसाठी उत्तर आलं ६३ ते ७२ टक्के.

जे जातं त्यात सगळ्यात वरचं एनॅमल असतं. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. खालच्या पहिल्या दाढेच्या दोन शेजाऱ्यांचं, म्हणजे पुढच्या उपदाढेचं आणि मागच्या दाढेचं एनॅमल साधारण वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बनायला लागतं आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत पुरं होतं. आपण बोबडे बोलत होतो, मग पाटी-पेन्सिल हातात आली, तेव्हा हिरडीच्या आत हे काम चाललेलं होतं. ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. त्वचा भरून येते, हाड जुळून येतं. एनॅमल मात्र आयुष्यात एकदाच बनतं. चाळीस वर्षांच्या माणसाच्या निरोगी दातावर एअरोटर टेकतो तेव्हा काय खर्च होतंय, हे त्या माणसाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण ब्रिजला खलनायक ठरवणं चूक होईल. शेजारचे दात हा वाढीव भार खरंच पेलतात, आणि ते कसं, हेही थक्क करणारं आहे. आयर्विन अँटे यांनी १९२६ साली एक ढोबळ नियम मांडला: गेलेल्या दाताच्या मुळाचं जेवढं क्षेत्रफळ तंतूंनी धरलेलं होतं, तेवढं तरी आधार देणाऱ्या दातांच्या मुळांचं मिळून असावं. खालच्या पहिल्या दाढेच्या मुळांचं क्षेत्रफळ सरासरी ४३० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतं. शेजारच्या उपदाढेचं सुमारे २०७ आणि मागच्या दाढेचं ४२६. दोघांचं मिळून ६३० च्या वर. म्हणजे निसर्गानं या दोन शेजाऱ्यांना स्वतःच्या कामाहून बरीच जास्त ताकद देऊन ठेवली आहे. पुढच्या संशोधनात तर असंही दिसलं की हिरडी निरोगी ठेवली तर अँटेंच्या नियमात न बसणारे दातही ब्रिज वर्षानुवर्षं पेलतात. शिवाय ब्रिजमध्ये ती पाव मिलिमीटरची फट शाबूत राहते. चावण्याचा जोर शेजाऱ्यांच्या तंतूंवर जातो, खडा शेजाऱ्यांच्या तंतूंना कळतो. दोन-तीन आठवड्यांत काम उरकतं, शस्त्रक्रिया लागत नाही, खर्च बहुधा कमी येतो.

ब्रिजचं दुखणं वेगळंच असतं. टोपीची कड जिथे दाताला भिडते तिथे कीड शिरते आणि टोपीखाली ती कोणाला दिसत नाही. मधल्या खोट्या दाताखालून नेहमीसारखा फ्लॉस ओवता येत नाही. खास जाड फ्लॉस किंवा बारीक ब्रश घालून ती जागा रोज साफ करावी लागते, आणि ते शिकवलं गेलं तरी बहुतेकांकडून होत नाही. आणि त्या खोट्या दाताच्या खालचं हाड, ज्याला आता कोणीच ओढत नाही, ते झिजत राहतं.

इम्प्लांटचा विचार इथून सुरू होतो. शेजाऱ्यांना हात न लावता थेट हाडात नवं मूळ रोवायचं. याचाही इतिहास आपण समजतो त्याहून जुना आहे. होंडुरासमध्ये विल्सन पोपेनो आणि डोरोथी पोपेनो यांना १९३१ साली माया काळातला एक खालचा जबडा सापडला. तो सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचा मानतात. त्यात पटाशीच्या तीन दातांच्या जागी दातांच्या आकाराचे शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते. बरीच वर्षं सगळ्यांची समजूत होती की हे मृत्यूनंतर, अंत्यविधीचा भाग म्हणून बसवले असावेत. मग १९७० साली ब्राझीलचे आमेदेओ बोब्बियो यांनी त्या जबड्याचे क्ष-किरण फोटो काढले. शिंपल्यांच्या भोवती हाड वाढलेलं होतं. हाड मेलेल्या माणसात वाढत नाही. म्हणजे तो माणूस शिंपल्याचे दात घेऊन जगला होता.

आजचं इम्प्लांट जन्मलं ते मात्र दातांशी काडीचाही संबंध नसलेल्या प्रयोगातून. स्वीडनमधल्या लुंड इथे १९५२ च्या सुमारास पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे तरुण संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक इवलीशी नळी हाडात बसवली होती. तिच्यातून सूक्ष्मदर्शकानं जिवंत हाडातलं रक्ताभिसरण दिसायचं. प्रयोग संपल्यावर महागाची ती नळी काढून पुन्हा वापरायची होती. ती निघेना. हाड टायटॅनियमला असं काही बिलगलं होतं की नळी काढायची तर हाड तोडावं लागलं असतं. परकी वस्तू शरीरात गेली की शरीर तिच्याभोवती मऊ आवरण विणून तिला वेगळं पाडतं, हा तोवरचा अनुभव. इथे मध्ये आवरणच नव्हतं.

१९६५ साली गोथेनबर्गमध्ये ब्रोनेमार्क यांनी यॉस्टा लार्सन या चौतीस वर्षांच्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासूनच दोष होते आणि खाली दात नव्हते. चावणंच काय, नीट बोलणंही अवघड. त्या चार स्क्रूंवर दात उभे राहिले. लार्सन २००६ साली वारले तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते स्क्रू कामात होते. दंतवैद्यकाच्या जगाला हे पटायला मात्र खूप वेळ लागला. १९८२ साली टोरोंटोमध्ये भरलेल्या परिषदेनंतर कुठे जगभरातले दंतवैद्य याकडे गांभीर्यानं पाहू लागले.

टायटॅनियमच का? या धातूला ऑक्सिजनची इतकी ओढ आहे की तो खनिजातून शुद्ध रूपात सुटा करणं विसाव्या शतकापर्यंत जमलं नव्हतं. विल्हेल्म क्रोल यांची पद्धत १९४० च्या आसपास आली तेव्हा कुठे तो हाती लागू लागला. त्याच ओढीमुळे टायटॅनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाड, पण घट्ट आणि निष्क्रिय असतो. शरीराला धातू दिसतच नाही, दिसतो हा थर, आणि हाडाच्या पेशी त्याच्यावर निर्धास्त वस्ती करतात. आपल्या रत्नागिरीजवळच्या काळबादेवी आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावर जी काळसर वाळू दिसते, ती याच धातूचं खनिज आहे, इल्मेनाइट. लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. तिथून चालताना पायाखाली काय आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

इम्प्लांट बसवताना एअरोटरचा तो भन्नाट वेग चालत नाही. हाड सुमारे ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर जरी तापलं तरी त्यातल्या पेशी मरतात, हे १९८३ साली गोथेनबर्गच्याच संशोधकांनी दाखवलं. म्हणून ड्रिल मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्यांवर ठेवतात, थंड सलाइनची धार सोडतात, आणि आधी बारीक, मग जाड, मग त्याहून जाड असं टप्प्याटप्प्यानं भोक मोठं करतात. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी दूर थांबायचं असतं. त्यासाठी आधी सीबीसीटी (त्रिमितीय क्ष-किरण) स्कॅन काढून हाडाची उंची-रुंदी मोजतात. मग चार-पाच मिलिमीटर जाडीचा, साधारण दहा मिलिमीटर लांबीचा स्क्रू हातात जाणवेल अशा घट्टपणानं आत जातो. भूल नीट लागली असेल तर हे सगळं दाढ काढण्यापेक्षा कमी त्रासाचं वाटतं, असं अनेक रुग्ण सांगतात.

त्यानंतर जे घडतं ते मला या संपूर्ण विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो निव्वळ दाबून बसवल्यामुळे. पण भोक पाडताना जे हाड चेपलं गेलं, ते शरीर आता साफ करायला घेतं. हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि स्क्रूला धरून ठेवलेलं तेच जुनं हाड कुरतडायला लागतात. त्यामुळे साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांटची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी झालेली असते. रुग्णाला तर तेव्हा अगदी बरं वाटत असतं. सूज उतरलेली, टाके निघालेले, त्या बाजूनं चावावंसं वाटू लागलेलं. नेमकं तेव्हाच जपायचं असतं. मग बांधणाऱ्या पेशींची पाळी येते. त्या ऑक्साइडच्या थरावर नवं हाड रचत जातात आणि दोन-तीन महिन्यांत पकड पहिल्याहून पक्की होते. वरच्या जबड्याचं हाड विरळ असतं, तिथे जास्त थांबावं लागतं. डॉक्टर दात लावायला इतके महिने का थांबवतात, याचं उत्तर हे आहे.

काम पुरं झाल्यावर डॉक्टरांना क्ष-किरण फोटो दाखवायला सांगा. खऱ्या दातांच्या मुळांभोवती एक बारीक काळी रेघ दिसेल. तीच ती फट. इम्प्लांटभोवती ती रेघ नसते. हाड थेट धातूला भिडलेलं असतं. जबड्याला पुन्हा काम मिळालं, ही त्यातली जमेची बाजू; मात्र दाढ काढल्यावर सुरुवातीला गेलेलं हाड त्यामुळे परत येत नाही. रेघ नसल्याची किंमतही आहे. खरा दात चावताना किंचित दबतो, इम्प्लांट जवळजवळ दबत नाही. म्हणून डॉक्टर त्याच्यावरची कॅप चावताना किंचित हलकी लागेल अशी बसवतात. रात्री दात खाणाऱ्यांच्या कॅपचं पोर्सेलीन उडतं, स्क्रू सैल होतो. पत्र्याच्या त्या प्रयोगात इम्प्लांटला फरक कळायला साधारण ५० मायक्रॉन लागले. निम्म्याहून कमी जाण, तीही आजूबाजूच्या हाडातून आणि स्नायूंतून कशीबशी मिळवलेली. हिरडीचीही गोष्ट तशीच. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसून जंतूंची वाट अडवतात. इम्प्लांटला ते नुसते बाहेरून वेढतात. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालच्या हिरडीला आणि हाडाला सूज येऊन हाड खाली उतरू शकतं, आणि एकदा ते सुरू झालं की थांबवणं कठीण जातं.

मग दोन्हींत टिकाऊ कोण? आइसलंडचे संशोधक ब्यारनी पेतुर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. दोन्ही बाजूंनी आधार असलेले दातांवरचे ब्रिज दहा वर्षांनी टिकलेले होते ८९.२ टक्के. एका दातासाठीचे इम्प्लांटवरचे दात, ८९.४ टक्के. जवळजवळ बरोबरी! इम्प्लांट म्हणजे जन्माचं काम आणि ब्रिज म्हणजे तात्पुरती सोय, असं सर्रास सांगितलं जातं. आकडे तसं म्हणत नाहीत. २०१२ सालच्या पुढच्या हिशेबात हाडातला स्क्रू दहा वर्षांनी ९५ टक्क्यांहून जास्त जणांत शाबूत दिसला. त्याच्यावरची कॅप मात्र पुन्हा ८९ टक्क्यांच्याच आसपास.

टक्केवारी सारखी असली तरी हरण्याची रीत सारखी नाही, आणि माझ्या मते निवड इथेच ठरते. इम्प्लांट फसलं तर ते इम्प्लांट जातं, सोबत थोडं हाड. ब्रिज फसतो तेव्हा बहुधा टोपीखाली किडलेला आधाराचा दात फसतो. एक गेलेला होता, आता दोन गेले, आणि पुढचा ब्रिज अधिक लांब, अधिक दातांवर. म्हणून शेजारचे दोन्ही दात कोरे असतील, कधी साधं सिमेंटही न भरलेले, तर त्यांना घासून ब्रिज करणं मला पटत नाही. हाड पुरेसं असेल आणि थांबायची तयारी असेल, तर तिथे इम्प्लांटच. उलट शेजारी आधीच रूट कॅनॉल झालेले, अर्धे सिमेंटचे, आज ना उद्या कॅप लागणारच असे असतील, तर ब्रिज एकाच कामात तिघांची सोय लावतो. अशा तोंडात ब्रिज केला म्हणून कोणी हळहळू नये.

काही वेळा शरीरच निर्णय घेतं. आपल्याकडे तंबाखूनं हे फार केलं आहे. मशेरी लावणाऱ्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसांत हिरडीचा रक्तपुरवठा आणि हाडाचं भरून येणं दोन्ही मंदावतं, इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो. गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, तरी त्यानं ज्यांच्या गालांत पट्टे धरले आहेत त्यांच्यापैकी अनेकांचं तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही. मागच्या दाढेपर्यंत ड्रिल नेणार कुठून? साखर ताब्यात नसेल तर आधी ती ताब्यात आणायची. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना ते सांगायचं, कारण त्यांतली काही औषधं जबड्याचं हाड भरून येण्यात अडथळा आणतात. आणि पंधरा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडला असेल तर इम्प्लांटची घाई नको. जबडा वाढत राहतो, खरे दात त्याच्याबरोबर सरकतात, इम्प्लांट हाडाला जखडलेलं असल्यामुळे जागेवरच राहतं आणि काही वर्षांत शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतं. अशा मुलांसाठी मेरीलँड ब्रिज आहे: शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला एक पातळ पंख चिकटवायचा आणि त्याच्या आधारानं खोटा दात उभा करायचा. दात जवळजवळ घासावाच लागत नाही. दाढेचा जोर तो पेलणार नाही, पण पुढच्या दाताला पुरतो. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि बाकीच्या दातांनी चावणं नीट होत असेल, तर काहीच न करणं हाही रास्त निर्णय आहे.

खर्चाचं म्हणाल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खाजगी दवाखान्यातला आकडा ऐकून धीर सुटला असेल तर निर्णय घेण्याआधी तिथे एकदा दाखवून घ्या.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. शेजारच्या दोन दातांचा क्ष-किरण फोटो दाखवून त्यांची अवस्था समजावून सांगाल का? आणि दाढ काढताना खोबणीत हाडाची पूड भरून किंवा लगेच इम्प्लांट बसवून पुढची सोय करता येईल का? हे विचारायचं ते दाढ काढायची तारीख ठरण्याच्या आधी. डेन्मार्कच्या त्याच मोजणीत वर्षभरात जेवढं हाड गेलं, त्यातलं दोन-तृतीयांश पहिल्या तीन महिन्यांतच गेलेलं होतं.